उसना मासा

तुमसर,
१५ नोव्हेंबर २०२५

प्रिय दीपमाला,

रविवार, ९ नोव्हेंबर, सकाळी अकरा वाजून वीस मिनिटांनी तू माझ्या गैरहजेरीत माझ्या घरात शिरलीस आणि तुझा सहा रेघांचा जांभळा मासा माझ्या खाऱ्या पाण्याच्या टाकीत सोडून गेलीस. वेळ ललिताबाईने भिंतीवरचं घड्याळ पाहून सांगितली. कामाला येते, पण साक्ष वकिलासारखी देते: "आल्या, मासा सोडला, चाय नाही पेल्या अन् चालल्या गेल्या." शाळेत सिस्टरांनी आपल्याला दार वाजवून आत जायला शिकवलं. घरच्या बाईला भेटून निघावं, हेही शिकवायला हवं, असं त्यांना वाटलं नसावं.

माझ्या टाकीत चपटे कृमी झालेत हे मीच तुला सांगितलं होतं, कबूल. प्रवाळावर गंज चढावा तसे बसले होते. नागपूरचा दुकानदार औषधाची बाटली गळ्यात मारत होता. मी घेतली नाही. हे कृमी एकदम मेले की त्यांच्या अंगातलं विष पाण्यात उतरतं आणि त्यांच्यासोबत मासेही जातात. दिवा लावला की ते ऊन खायला वर येतात, तेव्हा मी बारीक नळीने त्यांना ओढून काढत होते. काम हळू होतं, पण कोणाच्या उपकाराचं नव्हतं.

आता तुझ्या माशाबद्दल. आधी तो दगडाच्या फटीत दडून बसला. आगंतुकाने तेवढं तरी लाजावं. मग एका सकाळी बाहेर आला, अंग तिरपं केलं, एक डोळा रोखला आणि एक कृमी टिपला. पुन्हा थांबला, पुन्हा टिपला. बघता बघता माझी भाजी करपली. हा भुकेने खातो की आवडीने? पाहावं म्हणून एक दिवस आधी पोटभर खाणं घातलं, तर साहेबांनी कृमींकडे ढुंकूनही पाहिलं नाही. दुसऱ्या दिवशी हात आखडता घेतला, तर संध्याकाळपर्यंत समोरची काच साफ. तुझ्याकडेही असंच होतं का? तू कधी बोलली नाहीस.

तळ्यांच्या या जिल्ह्यात समुद्र पाळणाऱ्या बाया आपण दोघीच. मागे हाच मासा मी महिनाभरासाठी मागितला होता. "नवरा ने हवा तर, मासा मिळणार नाही," म्हणालीस. तेव्हा भाऊजी हयात होते, पेपरमागे हसले. टाकीतून मासा हलला की कृमी परत येतात, असं तुझंच म्हणणं. मग आता दिलास कसा? आणि समुद्री मिठाची अर्धी बादली कोपऱ्यात ठेवून गेलीस, ती कशाला? टाकी चालवणारी बाई मीठ वाटत फिरत नाही.

गुरुवारी फोन केला, तर तुझ्या लेकीने उचलला. "मावशी, मम्मीनं तुम्हाला सांगितलं नाही का?" टीना म्हणाली. "टाकी तर विकली. एक तारखेला मम्मीला बडोद्याला घेऊन चालली मी, आता आमच्याकडेच राहतील." मी माहीत असल्यासारखं बोलले. तुझी अब्रू राखली.

म्हणून हे पत्र. फोनवर तू विषय बदलतेस. मासा उसना आहे की कायमचा, ते रविवार, २३ नोव्हेंबरच्या आत मला लेखी कळव. कायमचा असेल तर मी ठेवणार नाही. भंडाऱ्याला तुझ्या दारात आणून देईन, मग बांध त्याचंही सामान. उसना असेल तर वर्षातून एकदा तरी त्याला बघायला तुला तुमसरला यावं लागेल, आणि चहा पिऊन जावं लागेल. नीट विचार करून लिही, आणि खाली सही कर.

तुझीच,
चंद्रकला