शिवलेली पिशवी

प्रिय आई,

'प्रिय' सवयीने लिहिलं गेलं, त्यावर फार जाऊ नकोस. तुझं पत्र पोचलं. आमच्या संग्रहालयात तुझा सत्कार आहे, आणि तू आई म्हणून कशी होतीस यावर आम्ही दोघी बहिणींनी चार शब्द बोलावेत अशी तुझी इच्छा आहे. धाकटीला वाचून दाखवलं. ती कपडे वाळत घालत राहिली.

मेलेल्या प्राण्यांच्या कातड्यात भुसा भरून तू सजवलेलं ते गाजलेलं काचेचं कपाट हल्ली मीच पुसते. मी काय काम करते हे तू कधी विचारलंच नाहीस. डावीकडे चिचुंदरी, तिच्यामागे एकमेकांच्या शेपटीचं बूड तोंडात धरून निघालेली चार पिल्लं. उजवीकडे वॉलबी, कांगारूची बुटकी चुलत बहीण, पोटाच्या पिशवीतून डोकावणाऱ्या पिल्लासकट. खाली तुझ्या अक्षरातली पाटी: दोघी सस्तन, दोघी माता. लहानपणी तू मला चिचुंदरी म्हणायचीस, सारखी खायला मागते म्हणून. स्वतः अर्थातच वॉलबी. मी बारा वर्षांची, धाकटी पाच वर्षांची, तेव्हा मोठ्या शहरातल्या मोठ्या नोकरीवर निघालीस आणि दारात मला म्हणालीस, "हिचा हात सोडू नकोस." नाही सोडला. शाळेत, दुकानात, दवाखान्यात ती माझ्या फ्रॉकचं टोक मुठीत धरून मागून चालायची. मी कुणाच्या मागून चालायचं, ते मात्र तू सांगितलं नव्हतंस.

गेल्या महिन्यात वॉलबीला कसर लागली म्हणून तिला बाहेर काढलं. पोटावरचे केस विंचरताना बोटांना टाके लागले. बारीक, सुरेख, तुझेच. पिशवी दुसऱ्याच कातड्याची, वरून शिवलेली, आणि तिच्याखाली वॉलबी चक्क नर. नराला पिशवी नसते हे तुझ्याइतकं कुणाला ठाऊक? मी पोट धरून हसले. मग तिथेच स्टुलावर बसून रडले, आणि त्याचाही तुझ्यावर राग आला.

हे तुला दुसऱ्या कुणाकडून कळू नये म्हणून लिहिते आहे. अहवाल मी दिला, खाली सही माझी आहे. सत्कार रद्द झाला. टाकेही मीच उसवले. पिल्लू तेवढं अस्सल निघालं, कुठल्यातरी खऱ्या आईचं. त्याला ठेवायचं कुठे हे साहेबांना सुचेना, म्हणून ते सध्या माझ्या टेबलावर आहे. काल धाकटी येऊन त्याला आपल्या शालीत गुंडाळून गेली.

तुझीच, नाइलाजाने,
चिचुंदरी