दीड दिवसावरची विलायत

साखरखेर्डा

प्रिय कोकिळा,

तुझ्या लग्नाआधीची ती सकाळ. मी ओसरीत गहू पाखडत होते. तूर निवडायची होती, माठ भरायचे होते, आणि तुझी आई दारातूनच बजावत होती की हळदीच्या जात्याकडे मी फिरकू नये. विधवेला ते सांगावं लागत नाही. पण माझं लक्ष तिकडे नव्हतंच. माझ्या मोतीरामचं पत्र आलं होतं, कोकीच्या लग्नाला विमानाने येतो, लंडन ते मुंबई पाच हजार मैल, फक्त दीड दिवस. मला हसू आलं. मुंबईहून मलकापूर रात्रभराची गाडी, आणि तिथून आपल्या गावी मोटारीने, बैलगाडीने येईतो दिवस मावळतो. विलायत जवळ आली, आईचं घर तेवढं लांब राहिलं.

वाचायला मी विधवा झाल्यावर शिकले, मोतीरामच्याच पाटीवर. मेहकरहून येणारं वर्तमानपत्र तेव्हापासून आधी मीच उघडायची. त्या आठवड्यात ते आलंच नाही. विचारलं तर तुझे बाबा म्हणाले, "मोटार बिघडली, वहिनी." विमानाचा दिवस गेला, पुढचाही गेला. मग म्हणाले, "तार आली. विमान चुकलं त्याचं. बोटीनं येऊन राह्यला आता." बोटीला तीन आठवडे. तुझ्या अक्षता त्याला मिळणार नाहीत, एवढंच मला वाईट वाटलं.

पंगतीत तुझी आई सगळ्यांदेखत म्हणाली, "जाऊबाई, बोटीवर मासे खाऊन येईन तुमचं पोरगं! घरात घेसान का त्याले?" बाया हसल्या. मी म्हटलं, "घेईन, आधी न्हाऊ घालीन." त्यावर ती सगळ्यांहून मोठ्यानं हसली. तेव्हा तिला ठाऊक होतं.

तुझी गाडी वेशीबाहेर गेली, मांडवाचे डहाळे उतरले, आणि तुझे बाबा माझ्यापुढे येऊन उभे राहिले. "वहिनी, अंगावर पाणी घ्या." कोणासाठी, ते मला विचारावं लागलं. विमान वाळवंटात पडलं होतं. तार हळदीच्या आधीच आली होती. घरात उच्चार झाला की सुतक, सुतक लागलं की लग्न पुढे, आणि वरपक्ष थांबेल याचा भरवसा नाही. म्हणून तोंडातून काढलंच नाही तर लागत नाही, असं दोघांनी ठरवलं. मुक्कामाचे पाहुणे अजून जेवत होते. मला न्हाणीत जाऊन रडायला सांगितलं, तेही हळू.

परवा तुझं कार्ड आलं. दादाची बोट कधी लागते, त्याला आणायला मुंबईला जाऊ का, असं तू विचारलंस. तुझे बाबा म्हणाले, "दिवाळसण होऊ द्या, मंग सांगू तिले. सासरी कळलं तं पोरीले बोल लागन." बोट उशिरा आहे, असं उत्तर त्यांनी माझ्याच हातून लिहून घेतलं आणि स्वतः पेटीत टाकलं. ते खोटं आहे, बाळ. बोट नाही. सासरी सांगायचं की नाही ते तू ठरव, पण दादाच्या नावानं आंघोळ कर. तुझ्या बाबांना मी "हाव, नाही सांगत तिले" म्हटलं होतं. आज हे पत्र लिहिते आहे.

तुझीच,
मोठी आई