चुन्याखालचा गोलकीपर

आदिलाबाद,
रविवार दुपार

प्रिय विनू,

तुला जाऊन चार महिने झाले. मी पत्रं लिहिणारी बाई नाही, हे तुला माहीत आहे. मंचेरियलहून तू पानंच्या पानं लिहायचास आणि मी पोस्टकार्डावर चार ओळींत उत्तर टाकायची. आज लिहिते आहे, कारण काल पांढरकवड्याहून सुशीचं पत्र आलं. तिला काही सांगायच्या आधी तुला सांगितलं पाहिजे. क्रम तसाच लागतो.

मागच्या आठवड्यात यादगिरी टेलर आला होता. तुमच्या फुटबॉल टीमचा कॅप्टन, आता पोट सुटलेला. दारातच उभा राहिला. तीस वर्षांची मास्तरकी, अजून कोणी माझ्यासमोर पटकन बसत नाही.

"टीचरम्मा, भिंत द्या," म्हणाला. "विनूचं चित्र काढतो आमी. अन् पयल्यासारकं शनवारी तिच्यापुढं गानं ठेवतो."

मी म्हटलं, घर बाबांनी दोघी बहिणींच्या नावावर केलंय, सुशीला विचारते. तसं तिला कळवलं. तिचं उत्तर आलं ते असं: "त्या भिंतीवर विनूचं तोंड मला नको. त्याने माझ्या लग्नात जे केलं, ते मी विसरले नाही."

तुझ्या तेराव्यालाही ती आली नव्हती, विनू. लोकांना मी सांगितलं, तिची तब्येत बरी नाही. खोटं बोलायची मला सवय झाली आहे. ती कुठून लागली, तेच आज लिहायचं आहे.

काय भिंत होती ती! तू दिवसभर बाजारात शिडीवर चढून दुकानांच्या पाट्या रंगवायचास, तेलुगूत, मराठीत, उर्दूत, हिंदीत. संध्याकाळी उरलेला रंग घेऊन आपल्या घराच्या रस्त्याकडच्या भिंतीशी यायचास. एका कोपऱ्यात रविवारी कोणाची मॅच कोणाशी, आणि बाकी सगळ्या भिंतीवर खेळाडू. शहाऐंशीच्या विश्वचषकात तू निळ्या-पांढऱ्या पट्ट्यांतला तो बुटका काढलास, तेव्हा भाजीवालीसुद्धा टोपली उतरवून बघत उभी राहिली. मी शाळेतून आले आणि म्हणाले, "गुडघा चुकलाय." चुकला नव्हता. काहीतरी म्हणायचं म्हणून म्हणाले.

आणि तुमचे शनिवार. ओट्यावर पेटी, ढोलकी, बुलबुलतरंग. आधी आपलं भजन, मग चहावाल्या चाचांची कव्वाली, मग यादगिरीचं त्याच्या गावाकडचं तेलुगू गाणं. शेवटी तुम्ही गजरात टीमच्या अकरा जणांची नावं घालायचात. देवाच्या नावाशेजारी लेफ्ट हाफचं नाव! मी आत पेपर तपासत बसलेली. आठ वाजले की दारात येऊन घड्याळाकडे बघायची, आणि तुम्ही ओळ अर्धी टाकून पेटी मिटायचात. एकदा तरी ती ओळ पुरी होऊ दिली असती, तर काय बिघडलं असतं?

अठ्ठ्याऐंशीच्या उन्हाळ्यात सुशीचं लग्न ठरलं. बाबा आदल्या वर्षी गेलेले, त्यामुळे घरचं कर्तेपण माझ्याकडे. लग्नघराची भिंत रंगवायची म्हणजे पांढरा चुना, त्यावर मधोमध गणपती, दोन बाजूंना भालदार-चोपदार, खाली नवरानवरीची नावं. घरातच पेंटर, बाहेरचा माणूस कशाला? पण भिंतीवर तेव्हा तुझा गोलकीपर होता, पुरुषभर उंचीचा, दोन्ही हात पसरलेला. मंचेरियलच्या खाणकामगारांच्या टीमशी तुमची फायनल होती.

तू म्हणालास, "ताई, रविवारपावतर राहू दे न त्याले. मॅच झाली का मीच काढतो."

"पाहुणे शुक्रवारी येऊन राह्यले. आजच चुना मार."

"आइलपेंटवर चुना नाई बसत ताई. घासून काढा लागते. दोन दिवस तरी दे."

"मले शिकवू नको. दोन हात जास्त मार."

हे बोलणं आपल्या दोघांतच झालं. अंगणात तिसरं कोणी नव्हतं. तू बादली उचललीस आणि मी म्हटलं तसं केलंस. गणपती किती सुरेख काढला होतास. मी तेही बोलले नाही.

लग्नाच्या दिवशी सकाळी दहालाच ऊन तापलं. वरात दारात आली आणि चुन्याचे पोपडे सुटायला लागले. आधी कोपऱ्यातून, मग मधूनच. गणपतीचा कान गेला, सोंड गेली, आणि भालदार-चोपदारांच्या मधून गोलकीपरचे दोन हातमोजे बाहेर आले.

नवरदेवाचे मामा मोठ्याने म्हणाले, "भालदार झाला, चोपदार झाला. हा मधातला कोन व्हय बाप्पा? वरातीले अडवाले उभा केला का?"

बँडवालेसुद्धा हसले. विहीणबाई हसल्या नाहीत. त्या म्हणाल्या, "लग्नाच्या दारी गणपती झडला. हे काही बरं नाही झालं."

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. तेव्हा मी म्हणाले, "हे आमच्या विनूचे धंदे. फुटबॉलपुढे त्याला बहिणीचं लग्नही दिसलं नाही. मुद्दाम केलं त्याने."

तू मांडवाच्या खांबाशी उभा होतास, हातात अत्तरदाणी. माझ्याकडे बघितलंस. मला वाटलं, आता बोलशील. तू वऱ्हाडाला अत्तर लावायला लागलास.

का नाही बोललास, विनू? तुझ्यावर माझा राग आहे तो एवढाच. एक वाक्य म्हणायचं होतंस, "ताईनंच घाई केली." चारचौघांत माझी मान खाली गेली असती, आणि दुसऱ्या दिवशी वर आली असती. तू मला वाचवलंस आणि मी तुला वाचवू दिलं. महिनाभरात तू मंचेरियलला निघून गेलास. मी लोकांना सांगितलं, तिकडे काम जास्त आहे.

सुशीला सासूने ते कितीतरी वर्षं ऐकवलं. दूध नासलं तरी, नवऱ्याची बदली झाली तरी, "हिच्या दारचा गणपतीच झडला होता." ते टोमणे तिने गिळले आणि तुझ्या नावावर लिहिले. तुझी राखी बंद केली. तिचं चुकलं असं कसं म्हणू? तिला जे माहीत होतं, ते मीच सांगितलेलं होतं.

एका दिवाळीला तू दोन तासांसाठी आला होतास. ओट्यावर बसून चहा प्यायलास आणि खाली बघत विचारलंस, "ताई, सुशी अजून रागावून आहे का वं?"

मी म्हणाले, "मला काय माहीत. तिचं ती जाणे."

त्या दिवशी सांगता आलं असतं. पांढरकवड्याची बस दुपारची होती. आपण दोघं गेलो असतो.

मग शाळेत फोन आला, तुला कावीळ झाल्याचा. मी पोचले तेव्हा तू माणूस ओळखत नव्हतास. तुझी खोली मी आवरली. ब्रश रॉकेलने धुऊन, सुतळीने बांधून ठेवलेले. कोण म्हणायचं तुला गबाळा? मीच म्हणायची.

मी थकले आहे, विनू. मुलांना शिस्त लावून नाही थकले. ही एक गोष्ट इतकी वर्षं सरळ तोंडाने धरून ठेवली, त्याने थकले. परवा यादगिरीला विचारलं, "त्या लग्नाचं विनू तुम्हाला कधी काही बोलला का?" तो म्हणाला, "नाई. फायनल हरलो तवा इतकंच बोलला, का कीपर भिंतीवर नव्हता म्हनून हरलो." आणि हसला. मला हसू आलं नाही.

सुशीला पत्राने कळवणार नाही. पत्रात मी स्वतःला सांभाळून घेईन, मला माझा हात माहीत आहे. उद्या शाळेत रजेचा अर्ज देते आणि परवा सकाळच्या बसने पांढरकवड्याला जाते. तिच्या सासूबाई अजून आहेत. त्यांच्यासमोरच सांगेन, की विनू नको म्हणत होता, चुना मी मारायला लावला, आणि दारात खोटं मी बोलले. सुशी मला घराबाहेर काढेल, असं मला वाटतं. काढू दे. तुझ्याशी ती जशी इतकी वर्षं वागली, तशी आता माझ्याशी वागली तर ते योग्य माणसाशी होईल.

भिंतीचं मी तिला विचारणार नाही. आधी तिला तिचा भाऊ परत देते. भिंत द्यायची की नाही, ते मग ती ठरवेल.

तुझी,
ताई