दीड वेटोळं

४ जाने., रवि.
सकाळी गाडीची उंची मोजली. पुढच्या चाकावर टायर ते मडगार्डची कड, २२ सूत. लोक बोटं मोजतात, मी सूत मोजतो, इंचाला आठ. एवढ्या फटीत मांजर झोपेल. गाडी सोळा वर्षांची, इंजिन माझ्या हाताखाली, आवाज शिलाई मशिनीसारखा, पण उभी राहते बगळ्यासारखी. आता खाली बसवायचीच. तयार किट आपल्या ऐपतीबाहेर. स्प्रिंगच कापणार.

गफूरभाई (शॉकपचं, म्हणजे शॉक अॅब्सॉर्बरचं काम करतात, दुकान माझ्या मोटार रिवायंडिंगच्या शेजारी) म्हणाले, "काटो दादा, पर एकच चक्कर. दीड में गाडी लकडा होती."
मी दीड वेटोळं धरलं आहे.

८ जाने.
चारही स्प्रिंगा उतरवल्या. ग्राइंडरनेच कापल्या. गॅसने कापणारे बरेच हायत, पण गॅसने पोलादाचं पाणी उतरतं. हे मला कुणी शिकवलं नाही. कापताना मधून मधून ओलं फडकं. पुढं मागं सारखंच, दीड वेटोळं. अलाइनमेंट करून आणली.
आता फट १० सूत. दोन्ही बाजू एकसारख्या. संध्याकाळी दुकानासमोर लावून समोरच्या टपरीवरून बघत बसलो. चहा दोनदा झाला.

११ जाने.
अर्धापूरला जाऊन आलो, केळी आणायची होती. सौ. शेजारी. गतिरोधकावर गाडी तिरकी घ्यावी लागते, ते चालतं. पण खड्ड्यात खट्. गाडी शॉकपवरच्या रबरी बफरला टेकते.
सौ.: "रस्ता खराब हाय का गाडी?"
मी: "रस्ता."
ती: "मग परवापर्यंत बरा होता की."
केळी तळाशी काळी पडली.

१७ जाने.
लातूर. प्रज्ञाचं डोहाळजेवण. लेक छान दिसून राहिली, पाय जरा सुजलेत. पहिलं बाळंतपण माहेरी, हे लग्नातच ठरलेलं. वरची खोली तिच्यासाठी रंगवून घेतली आहे. डॉक्टर म्हणाल्या, आता न्या, पुढं उशीर नको. मात्र हादरे नकोत.
जेवणं झाल्यावर विहीणबाई गाडीभोवती फिरल्या. "इवाई, हिची चाकं पोटात गेली काय?"
म्हटलं बसा, चक्कर मारून आणतो. बसल्या. कोपऱ्यावरच्या गतिरोधकाला खट्. परत येईस्तोवर त्यांनी दाराचं हँडल सोडलं नाही. उतरल्या, पदर सारखा केला.
"पोरगी इथंच बाळंत झाली तरी आमची तक्रार न्हाई."
जावईबापू म्हणाले, भाड्याची गाडी करू. मी नको म्हणालो. लेकीला आणायला बाप भाड्याची गाडी घेऊन येणार? प्रज्ञाने लाडू बांधून दिले.

१८ जाने.
परत आल्यावर टेप घेऊन खाली वाकलो. आधी रिकामी मोजली, १०. मग सौ.ला, शेजारच्या दोघांना आणि मागं तांदळाचं पोतं बसवून मोजली. ४ सूत. बफरला टेकलीच.
हे मी कापायच्या आधी मोजायला हवं होतं. सगळं मोजलं, माणसं बसवून मोजलं नाही.
वेटोळी कमी झाली की स्प्रिंग ताठर होते, हेही माहीत होतं. लिहून ठेवतो, पुन्हा लिहिणार नाही.

२२ जाने.
कापलेलं जोडता येत नाही. वेल्डिंग सांगणारे भेटले दोघे. त्यांना दुकानातून चहा न पाजता काढलं.
भंगारात तिसऱ्या ठिकाणी याच मॉडेलची गाडी सापडली, छप्पर चेपलेलं, खालचा भाग शाबूत. चारही स्प्रिंगा काढून आणल्या. उभ्या करून मापल्या, समान. गंज वरवरचा, चीर नाही.

संध्याकाळी विहीणबाईंचा फोन. सौ.ने स्पीकर लावला.
"इवाई, गाडी सरळ झाली म्हणे?"
"होतेय."
"मग येताना घरचं दही आणा. मागच्या सीटवर ठिवून. इथं येईस्तोवर मोडलं न्हाई तर पोरगी बसवते. मोडलं तर ती हितंच, तुम्ही दही खाऊन जा."
सौ. हसली. मी "आणतो" म्हणालो. त्या हसत नव्हत्या.

२५ जाने.
स्प्रिंगा बसवायला गफूरभाईंना बोलावलं. त्यांनी ग्राइंडर उचलला, "दादा, एक चक्कर काटूं क्या? दिसेल भी, चलेल भी."
खरंय. एका वेटोळ्याने छान दिसेल. चालेलही बहुतेक.
बहुतेक.
"नको," म्हटलं. त्यांनी ग्राइंडर ठेवला, माझ्याकडं बघितलं नाही. भला माणूस.
फट पुन्हा २२. कापलेल्या चारही दुकानात खिळ्याला टांगल्या.

१ फेब्रु., रवि.
लातूरच्या वाटेवर अहमदपूर, चहाला थांबलो, गाडीतच लिहितो. दही सौ.ने रात्री लावलं, स्टीलच्या डब्यात. निघताना तिने डबा मांडीवर घेतला. उतरवायला लावला. सीटवर ठेव म्हटलं, दोन्हीकडून उशा. मांडीवर घेतलं तर ती स्प्रिंग तुझी, गाडीची नाही.
"लोहा गाव गेलं तेव्हा एकदा धक्का बसला," ती म्हणाली.
मलाही कळला होता.
झाकण उघडून बघू म्हटलं, तर तिने हात धरला. "तिथंच उघडायचं. त्यांच्यासमोर."
पुढं चाकूर. मधला रस्ता खोदलेला आहे म्हणतात.