आजोबा : इं. वि. पाटील

सोम. ६ डिसेंबर १९५४, जळगाव
आईनं आजही नाहीच म्हटलं. धाकट्या बहिणीच्या, इंदूच्या शाळेत संमेलनाचं संगीत नाटक आहे, 'आजोबांचा हट्ट'. मास्तरांनी स्वतः लिहिलंय. मुलींना यंदा प्रथमच घेणार. इंदूला सुनेचं काम देत होते. आई म्हणाली, "लग्नाआधी गळ्यात मंगळसूत्र? खोटं असलं तरी नाही." मग मास्तरांनी विधवा आत्याचं काम देऊ केलं. ते ऐकून आईनं हातातली परात खाली ठेवली आणि देवापुढे जाऊन बसली. विषय संपला.
इंदू भूगोल उघडून बसली. तासभर तेच पान.

रवि. १२ डिसें.
आजोबांचं काम करणाऱ्या सदाचा आवाज फुटला. पहिल्याच पदात, दोन माणसं एकदम गायला लागल्यासारखा. आजोबांना पदं पाच. संमेलन चार आठवड्यांवर.
जेवताना इंदू म्हणाली, "मग आजोबा मी करते."
आबांचा घास हातातच. आई मात्र विचार करू लागली. "म्हाताऱ्याला काय, धोतर नि दाढी. कुंकवाचा प्रश्नच येत नाही."
आबा म्हणाले, "बठ्ठा लोके हासतीन."
"ओळखलं तर हसतील ना, आबा?"
आबांनी शेवटी हो म्हटलं. मी रोज तालमीला बसायचं. आणि पारोळ्याच्या पाहुण्यांच्या कानावर काही जाता कामा नये. पारोळ्याचे नाना आपल्या मुलासाठी इंदूला बघायला येणार आहेत, दिवस ठरायचाय. मुलगा सोसायटीत कारकून, घर चांगलं. नाटकवाली मुलगी म्हटलं की ते उंबऱ्यावरूनच परत जातील असं आबांना वाटतं. मलाही वाटतं.
इंदूला मॅट्रिक व्हायचंय. एक वर्ष राहिलंय. हे घरात सगळ्यांना माहीत आहे, म्हणून कोणी बोलत नाही.

गुरु. १६ डिसें.
प्रेसमधून सुटून थेट तालमीला. मी आठवीत शाळा सोडली, त्यानंतर आज प्रथमच बाकावर बसलो. बाक लहान झालेत. अक्षर बरं म्हणून मास्तरांनी वही माझ्याकडे दिली. आता विंगेतून शब्द मी सांगायचे. चूक झाली तर माझी.
सून धनसिंग करतो. दंड माझ्या मांडीएवढे. पदर सारखा खांद्यावरून घसरतो, तो कुस्तीतल्यासारखा झटका देऊन परत घेतो. त्याची आई म्हणे रोज येते, स्वतःची नथ त्याला घालते आणि कौतुकानं रडते. इंदू सांगते, तो आता मधल्या सुट्टीतही इंदूला "मामंजी, पाणी आणू का?" म्हणतो. पोरं-पोरी हसून लोळतात. इंदू दाढीवरून हात फिरवते. दाढी अजून यायचीय.

मंगळ. २१ डिसें.
वाद झाला. मास्तर म्हणतात, सत्तरीचा माणूस, हातपाय थरथरले पाहिजेत. आत्या करणारी मुलगी तर इतकी थरथरते की काठीच पडते. इंदू थरथरेना. म्हणाली, "सर, म्हातारी माणसं असं करत नाहीत. त्यांना वाटत असतं आपण धडधाकट आहोत."
"मग वय दिसणार कसं?"
तिनं उठून दाखवलं. आधी धोतराचा सोगा नीट केला, मग इकडेतिकडे पाहिलं, काहीतरी आठवल्यासारखं, आणि मग उठली. तेवढा वेळ गुडघ्यांना हवा होता, हे दिसलं. धनसिंग म्हणाला, "मामंजी, जपून!" आणि या वेळी कोणी हसलं नाही.
आमचे आबा जेवण झाल्यावर अगदी असेच उठतात.

बुध. २९ डिसें.
हस्तपत्रक आमच्याच प्रेसला आलं. खिळे जुळवायला माझ्याकडे. 'सूनबाई : धनसिंग राजपूत' इथपर्यंत हात चालला. 'आजोबा' जुळवून थांबलो. मास्तरांनी कागदावर ती जागा कोरी ठेवली होती. म्हणाले होते, तुम्ही घरचे, तुम्ही ठरवा. सदाचं नाव घालता आलं असतं. पण पाच पदं तिची.
'इं. वि. पाटील' जुळवलं. आधी 'कु.' नाही. खोटं काही नाही. पाटील काय, जिल्ह्यात ढिगानं. प्रूफ तीनदा वाचलं. तिन्ही वेळा तेवढी एकच ओळ.
आबांना सांगितलेलं नाही.

सोम. ३ जानेवारी १९५५
घात. पारोळ्याचं कार्ड आलं. नाना, त्यांची बहीण अक्का आणि मुलगा रविवारी ९ तारखेला येणार, सोमवारी सकाळी मुलगी बघणार. ९ लाच नाटक. त्यात नानांची आणि हेडमास्तरांची जुनी ओळख. तेव्हा 'संमेलनही पाहूच' असं खाली लिहिलंय.
आबा म्हणाले, नाटक बंद. इंदू म्हणाली, "सोमवारी मुलगी दाखवायची आहे ना? रविवारी त्यांनी म्हातारा पाहिला तर काय बिघडलं?"
आबा आईकडे बघायला लागले, आई माझ्याकडे. मी वहीकडे.
शेवटी आबाच म्हणाले, "दाढी घट्ट चिकटव."
पाहुण्यांना सांगायचं की इंदू मावशीकडे बोदवडला गेलीय, उशिरा येईल.

रवि. ९ जाने.
झालं.
तीन वाजता सुरू. शाळेच्या पटांगणात मांडव, ऊन कापडातून गाळून येत होतं. पहिल्या ओळीत हेडमास्तर, नाना, अक्का, मुलगा आणि शेवटी आबा, पाठीला फळी बांधल्यासारखे ताठ. मी विंगेत. दाढीकडे एक डोळा, वहीवर एक.
इंदू आली आणि मी वही पाहायचं विसरलो. 'अजून अंगणी माझ्या थांबली उन्हे, कोण म्हणे ही सांज' हे तिसरं पद संपलं तेव्हा मांडवात कोणी खाकरलंही नाही. मग पहिल्या ओळीतून आरोळी, "वन्समोअर!" नाना. उभे राहून. तिनं पुन्हा म्हटलं. नानांनी पुन्हा मागितलं. मास्तरांनी पेटीवरून हात जोडले तेव्हा ते बसले.
शेवटच्या अंकात आजोबा वारतात. धनसिंगनं असा हंबरडा फोडला की अंबाडा सुटून मागे पडला. तरी लोक रडतच होते. अक्का तर पदरात तोंड घालून.
आबा रडले नाहीत. आजोबा सोगा सावरून उठले होते त्या वेळी मी आबांकडे पाहिलं होतं. त्यांनी स्वतःच्या धोतराकडे बघितलं, आणि नंतर पूर्ण नाटकभर हात मांडीखाली घेऊन बसले.
पडदा पडल्यावर नानांनी मला धरलं. "तो म्हातारा कोन शे? माले त्याले भेटनं शे." मी म्हणालो, तो... लांबचा आहे, निघाला. त्यांनी पत्रक डोळ्यांजवळ नेलं. "पाटील? तुमनाच कोनी शे का, आबा?"
आबा म्हणाले, "असेल."
आबांनी माझ्याकडे बघितलं. मी मांडवाचे बांबू मोजले.

सोम. १० जाने.
दाढीच्या डिंकानं इंदूची हनुवटी लालभडक. आईनं पहाटेपासून खोबरेल चोळलं, मग पावडर. आता ती लाल नाही, गुलाबी.
इंदू पोहे घेऊन आली. अक्कांनी विचारलं, "हनुवटीले काय व्हयनं, पोरी?" आई म्हणाली, "थंडी." मुलगा खाली मान घालून पोह्यांतली मिरची बाजूला काढत होता. नाना नाटकाचंच बोलत होते, असा म्हातारा उभ्या खानदेशात नाही, वगैरे. आबा हूं हूं करत होते.
मग नाना म्हणाले, "गानं येस का तुले? एखादं म्हन."
आईनं अभंग बसवून घेतला होता. इंदूनं डोळे मिटले, आणि 'अजून अंगणी माझ्या'.
नानांची बशी ओठांशी थांबली. चहा धोतरावर. दुसरी ओळ झाली, तिसरी झाली. मुलानं मान वर केली आणि पहिल्यांदा इंदूकडे नीट पाहिलं. मग त्याला हसू आवरेना, रुमाल तोंडात.
अक्का ओरडल्या, "अवं माय! हाऊ म्हातारा ते काल मरी गया ना!"
सगळ्यात आधी आई हसली. मग कोण कोण, आठवत नाही. नाना हसले नाहीत. पद संपेपर्यंत ऐकलं, उरलेला चहा प्यायले, टोपी घातली. दारात आबांना एवढंच, "घरी जाईसन लिखस." घरी जाऊन लिहितो.
ते गेल्यावर मी इंदूला विचारलं, असं का केलंस?
"तोंडात तेच आलं." मग बश्या गोळा करत, "भाऊ, आणि नसतं आलं तरी तेच म्हटलं असतं. लपून कुणाच्या घरी जायचं?"
आबांनी पत्रक मागितलं. ती ओळ वाचली. मला वाटलं, आता. पण घडी करून खिशात ठेवलं.

शनि. १५ जाने.
पत्र नाही. आई पोस्टमन दिसला की ओट्यावर. शाळेत सगळे इंदूला आजोबा म्हणतात, गणिताचे मास्तरसुद्धा.

मंगळ. १८ जाने.
आलं. नानांचं अक्षर मोठं, ऱ्हस्वदीर्घ वाटेल तसे, पण मजकूर स्वच्छ. मुलगी पसंत. लग्न वैशाखात धरावं. लग्नानंतर शाळा आणि नाटक दोन्ही बंद, घरंदाज रीत आहे. मात्र गावच्या शाळेच्या इमारतीसाठी मदत गोळा करायचीय, तेव्हा लग्नाआधी एकदा म्हाताऱ्याला पारोळ्याला घेऊन यावं, आपण तसा गावाला शब्द दिलाय.
समासात वेगळ्या, बारीक अक्षरात एक ओळ : 'मॅट्रिक होईपर्यंत थांबायला माझी हरकत नाही. वडिलांना अजून सांगायचं आहे.' सही नाही.
आईनं ते पत्र माझ्याकडून चारदा वाचून घेतलं. समासातली ओळ पाचदा.

बुध. १९ जाने.
आबांनी कार्ड माझ्यापुढे ठेवलं. लिही म्हणाले, पण काय ते सांगेनात. आई म्हणाली, एवढं चांगलं घर, हो लिहा. आबा म्हणाले, "ती पोरगी पाच पदं गाते आणि बंद म्हणजे काय?" हे आबा म्हणाले! मी पेन खाली ठेवलं.
इंदू दारात उभी होती. पुढे आली, आबांच्या शेजारी बसली, एक हात गुडघ्यावर, मान किंचित वर. दाढी नव्हती, पण होती.
"लिही, भाऊ. मुलगा चांगला दिसतो. पण आजोबा विचार करून कळवतील."
आबा तिच्याकडे बघत राहिले. मग हसू दाबत म्हणाले, "लिख, तशेच लिख."
तसंच लिहिलं. 'कळवतील'मधला 'ती' दोनदा तपासला. पेटीत टाकताना कार्ड जरा अडकलं, मी बोटानं आत ढकललं. आता ते परत काढता येणार नाही. चारचं टपाल गेलं असेल.