शांताने जोडलेली चंद्रावरची गाडी

सोलापूर, रविवार, १८ नोव्हेंबर १९७९

धाकट्या भावाने जर्मनीहून आमच्या लेकीसाठी, सुमीसाठी, जोडायच्या ठोकळ्यांचा खेळ पाठवलाय. त्यात चंद्रावर चालणारी गाडी आणि बोटाच्या पेराएवढे दोन अंतराळवीर. दुपारभर खटपट केली, पण मला काही गाडी जमेना. भाकऱ्या उरकून शांता आली. वळसंगसारख्या खेड्यात वाढलेली माझी ही बायको शाळेत कधी गेलीच नाही. कागद दिसला की बाजूला सरते. आज मात्र खेळातला कागद तिने आपणहून उचलला.

"ह्यात अक्षरं न्हाईत की, नुसती चित्रं हायत."

तासाभरात गाडी चाकांवर उभी! अंतराळवीरही आत बसले. मी कौतुक केलं तशी लाजली. मग हळूच म्हणाली, "अक्षरं बी अशीच एकेक जोडत्यात व्हय?"

इतकी वर्षं तिला शिकवू बघतोय, मला का नाही हे सुचलं?

"व्हय," मी म्हणालो.

तिने सुमीची पाटी स्वतःच माझ्यापुढे ठेवली.