विश्वकर्म्याच्या दिवशी यंत्राला सुट्टी

८ सप्टेंबर १९७६
रोजनिशी जुलैतच सुरू करणार होतो. आधी वही नव्हती, मग वही होती तर मूड नव्हता. असो. चालत्या ट्राममधून उतरताना मोडलेली नडगी आठ महिने जुळत नाहीये. डॉ. सान्यालांनी हाडात तारा घातल्यात. प्लास्टरवर बॅटरीची डबी. बारीक करंटने हाड वाढतं म्हणे. बारा आठवडे पाय टेकायचा नाही, डबी बंद करायची नाही. हॉस्पिटलात असं यंत्र एकच, पहिला पेशंट मी. नाही जुळलं तर ऑपरेशन, पाय आखूड. सहा आठवडे झाले. उरलेले सहा आरामात. मग दार्जिलिंग, तिथून आसाम.

१७ सप्टेंबर
विश्वकर्मा पूजा. आमच्या बेहाला भागातल्या सगळ्या वर्कशॉपांत यंत्रं बंद, हार घालून. मग माझ्याच यंत्राने काय घोडं मारलंय? वायर काढली, कुंकू लावलं. आकाशभर पतंग. गच्चीवर गेलो. फक्त बघायला. चार काटले.

२० सप्टेंबर
वायर उद्या नक्की.

२९ सप्टेंबर
दुपारी घर सामसूम. कूस बदलली की पायात आतून कट्. कुणी कडी वाजवल्यासारखं. मी थांबलो की तेही थांबतं. काल मोरीतसुद्धा. मी एकटाच होतो, म्हणजे दोघं. काकूला सांगितलं, पायात कोणीतरी आहे. म्हणाली, भूत कसलं मेल्या, हाड हलतंय तुझं! तिला यातलं कळत नाही. वायर लावणार होतो, पण आतल्याला शॉक बसून तो चिडला तर?

२० ऑक्टोबर
एक्स-रे. फट जशीच्या तशी. डॉक्टरांनी विचारलं, डबी चालू होती ना? म्हटलं, अखंड. बराच वेळ फिल्म उजेडात धरून उभे राहिले. मग तारा काढल्या आणि लिहिलं, उपयोग नाही. वाईट वाटलं बिचाऱ्यांसाठी. ऑपरेशन पुढच्या महिन्यात.

२१ ऑक्टोबर, सकाळी दहा
तारा गेल्या, कट् चालूच. डॉक्टरांना खरं काय ते पत्राने कळवायचं ठरवलंय. दिवाळी झाली की लगेच.

साडेदहा
बाहेर कुबड्यांची टकटक. काकू सांगत आली, हावड्याहून मीनाक्षी नावाची कोणी शाळेतली बाई आलीय, दोन बस बदलून. तिचीही नडगी जुळत नाहीये. यंत्र आता तिला लावायचं होतं. डॉक्टर म्हणाले, राहू दे, पहिल्या पेशंटला गुण आला नाही. तिला पटेना. पत्ता काढून आलीय, मलाच विचारायला, की खरंच एक दिवसही बंद नव्हतं का?

बाहेरच्या खोलीत बसलीय.